एकेचाळीस सावल्या

आमच्याकडं दसरा विमानानं येतो. मस्कतमधल्या केरळी दुकानदाराच्या दारात पुठ्ठ्याचे खोके उतरतात, त्यांच्या फटींतून झेंडू डोकावतो, आणि आपल्याला कळतं की तिकडं घट बसले. दोन दिवस गारठ्यात राहून आलेला तो झेंडू. त्याला ओल असते, उन्हाचा वास नसतो. दुकानदार दरवर्षी पुडी पुढं करतो आणि दरवर्षी मी नको म्हणतो. तुमच्यात पूजा नसते का, असं त्यानं एकदा विचारलं. मी म्हणालो, नसते. खोटं बोललो. आमच्याइतकी हत्यारांची पूजा कुणाच्यात नसेल.

मी इथं एका मोठ्या गॅरेजात हत्यारांच्या खिडकीत बसतो. सकाळी पान्हे, पकडी, हातोड्या द्यायच्या, संध्याकाळी मोजून घ्यायच्या. नववी नापास माणसाला यापेक्षा जास्त काय मिळणार होतं. जे मिळालं ते फार आहे, आणि ते एका माणसामुळं मिळालं, हे मी रोज स्वतःला सांगतो. माझा मोजण्याचा सोस इथल्या पोरांना चेष्टेचा वाटतो. जिन्याच्या पायऱ्या, रस्त्यावरचे खांब, ताटातल्या पोळ्या, सगळं मी मनात मोजत असतो. दारावर घंटी वाजली तरी किती वेळा वाजली ते आधी कळतं, कोण आलंय ते मागून.

ऑक्टोबरात मात्र मोजणं सोडून मन दुसरीकडंच जातं. नव्वदीच्या मध्यावरचा तो दसरा. कृष्णाकाठचा पट्टा. पाऊस नुकताच ओसरलेला, ऊस डोक्याच्या वर गेलेला, आणि बांधावरून चाललं की पानांच्या कडा हातावर बारीक रेघा ओढायच्या. त्या वर्षी पाकोळी पडली होती. गवताच्या रंगाचा एवढासा किडा, पानाच्या पाठीला चिकटून रस ओढायचा. पान चिकट व्हायचं, मग त्यावर काळी बुरशी चढायची. रानातून फेरी मारून आलेल्या माणसाचा सदरा चुलीच्या भिंतीला घासल्यासारखा दिसायचा. दहा-बारा फूट उसात पाठीवरचा पंप घेऊन शिरणार कोण? म्हणून कारखान्यानं फवाऱ्याचं विमान आणलं होतं. पिवळं, एका माणसाचं, पोटात औषधाची टाकी असलेलं.

माळावर एक जुनी धावपट्टी होती आणि कडेला पत्र्याचं शेड. त्या शेडमध्ये मी होतो. त्याआधी मी तासगावजवळ बेदाण्याच्या शेडवर कामाला होतो. तिथं एकदा पंखा दुरुस्त करायला निकमतात्या आले आणि मी त्यांना न मागता बरोबर मापाचा पान्हा दिला, एवढ्यावर ते मला घेऊन आले. तात्या कोरेगावकडचे, वायुसेनेतून निवृत्त झालेले मेकॅनिक. विमान उडायला योग्य आहे, असं वहीत लिहून सही करायचा अधिकार त्या माळावर फक्त त्यांना. त्यांची सही नसेल तर वैमानिक, कारखाना, मंत्री, कुणाचंही काही चालत नसे. मला तर वाटायचं की सूर्य उगवण्याआधीही तात्यांच्या सहीसाठी थांबत असावा.

घरी मला सगळे 'नववी' म्हणायचे. माझा चुलता पाहुण्यांपुढं म्हणायचा, हे आमचं नववी, गणितात बुडालेलं. तात्यांनी पहिल्याच दिवशी ते नाव पुसून टाकलं आणि मला संपत म्हणू लागले. म्हणाले, गणित म्हंजे मोजणं, बाकी समदं सोंग हाय. मग त्यांनी भिंतीवरची फळी माझ्या ताब्यात दिली. त्या फळीवर प्रत्येक हत्याराचा आकार लाल रंगानं काढलेला होता. पान्ह्याच्या जागी पान्ह्याचा, पकडीच्या जागी पकडीचा. हत्यार टांगलं की आकार झाकायचा, काढलं की लाल दिसायचा. तात्या त्यांना सावल्या म्हणायचे. एकूण एकेचाळीस. तात्यांचा एकच कायदा होता: सावल्या भरल्याशिवाय इमान उडायचं न्हाई. एक जरी लाल दिसली तरी ते हत्यार विमानाच्या पोटात राहिलं असं धरायचं आणि सापडेपर्यंत विमान हलवायचं नाही. एकदा एका पेचकसासाठी त्यांनी अख्खी सकाळ घालवली होती. तो माझ्याच खिशात निघाला. रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "बरं झालं. खिशात निघाला."

इतकी साधी गोष्ट. अडाण्यालाही लांबून दिसावी. तशी ती दिसायचीही, वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस.

वैमानिक होते कॅप्टन आगाशे, वाईचे. पस्तिशीचे असतील. मला संपतराव म्हणायचे, ती थट्टा आहे की मान हे मला कधी कळलं नाही, पण कानाला गोड लागायचं. उतरल्यावर हेल्मेट माझ्या हातात देऊन ते आधी तोंड धुवायचे आणि मग उसाच्या शेंड्यांची उंची सांगायचे, जणू आपल्याच पोरांची उंची सांगतायत. फवारणी करताना विमान उसाच्या वर दोन पुरुष उंचीवरून जायचं. पट्टा संपला की बांधावरच्या झाडांआधी नाक वर ओढायचं, वळायचं, पुन्हा खाली. हे सगळं पहाट ते नऊ. नऊनंतर वारा सुटायचा आणि औषध भलत्याच रानात जायचं. म्हणजे दिवस तीन तासांचा. त्यात त्या वर्षी परतीच्या पावसानं सलग आठ दिवस खाल्ले.

घाई कशी येते हे मी नंतर खूप आठवून पाहिलं. ती कुणी एकानं आणलेली नसते. कारखान्याचे शेतकी अधिकारी घोरपडेसाहेब रोज जीपनं यायचे. वाईट माणूस नव्हता. येताना आम्हाला वांग्याचं भरीत आणि भाकरी बांधून आणायचा. पण दोन गावं फवारायची राहिली होती, त्या गावांतले लोक त्याच्या दारात बसत होते, आणि दसरा झाला की विमान दुसऱ्या जिल्ह्यात कपाशीवर जायचं होतं. त्यात दसऱ्याला कारखान्याचा बॉयलर पेटवायचा समारंभ. चेअरमनसाहेबांना तिथं सांगायचं होतं की फवारणी पुरी झाली. घोरपडेसाहेब तात्यांना म्हणायचे, "तात्या, माझं डोकं उसात हाय आन् पाय बॉयलरात. तुमीच काय ते बघा." आम्ही हसायचो.

खंडेनवमीच्या सकाळी कॅप्टन नऊच्या आतच उतरले आणि म्हणाले की दांडा ओढताना जरा जड वाटतोय. तात्यांनी वही पुढं केली. कॅप्टन म्हणाले, तोंडी सांगतो तात्या, वहीत लिहिलं की विमान बसवून ठेवावं लागेल, आणि उद्याची एकच सकाळ आहे. तात्यांनी वही मिटली. हे मी पाहिलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरातल्या माणसाला आपण दुखतंय ते तोंडीच सांगतो की.

दांडा ओढला की विमानाच्या पोटातून एक तार मागं शेपटीपर्यंत ओढली जाते आणि नाक वर होतं. वाटेत ती तार कप्प्यांवरून जाते, विहिरीच्या रहाटासारखी. तात्या शेपटीखालचं झाकण काढून आत शिरले. कप्पीला माती आणि औषधाचा चिकटा बसला होता. ते साफ केलं, तेल दिलं, तारेचा ताण लावला. काम चोख झालं. दांडा लोण्यातून फिरवावा तसा फिरू लागला.

पण तोवर भटजी आले होते. त्यांना पुढं दोन गॅरेजं, एक गिरणी आणि एसटीचा डेपो करायचा होता. शेडमध्ये घोंगडं अंथरलं होतं. आमच्या भागात खंडेनवमीला कारागीर आपली सगळी हत्यारं घोंगड्यावर मांडतो, एकही मागं ठेवत नाही. हळदकुंकू वाहिलं, फूल घातलं की दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्या दिवशी सुताराची करवत निजते, न्हाव्याचा वस्तरा निजतो. वर्षभर राबलेल्या लोखंडाला एक दिवस विसावा. मला हे लहानपणापासून फार आवडायचं. अजूनही त्यात दोष आहे असं म्हणवत नाही.

भटजी म्हणाले, उघड्या पोटाचं वाहन पूजेला चालायचं नाही. तात्या झाकण लावू लागले. मी फळीवरची हत्यारं उतरवून घोंगड्यावर लहानमोठी लावत होतो. तात्या आतून एकेक देत होते, मी धावत नेऊन ठेवत होतो. शेवटी त्यांनी पेचकस दिला, अंग झाडलं आणि टोपी सारखी केली. भिंतीवरची फळी पूर्ण मोकळी झाली होती. एकेचाळीसच्या एकेचाळीस सावल्या लाल. त्या दिवशी मला ती फळी सुंदर वाटली, रांगोळीसारखी.

भटजी संकल्प सांगत होते आणि मी सवयीनं मोजत होतो. चाळीस आली. पुन्हा मोजली, तोवर झेंडू पडला होता. चाळीसच. एखादा पान्हा फुलाखाली असेल, असं वाटलं. वाटलं कसलं, वाटून घेतलं. फुलं बाजूला करून पाहायचं तर वाहिलेली पूजा मोडायची, भटजींपुढं, घोरपडेसाहेबांपुढं, तात्यांच्या डोळ्यांदेखत. आणि लोक म्हणणार काय, तर नववीचं गणित अजून पक्कं नाही.

त्या रात्री मी नीट झोपलो, हे मी मुद्दाम सांगतो.

दसऱ्याला उजाडतानाच कॅप्टन तयार होते. तात्यांच्या मंडळींनी, म्हणजे आमच्या काकींनी, घटातलं पिवळं धान खुडून दिलं होतं. तात्यांनी त्यातला तुरा कॅप्टनच्या कानावर खोवला. कॅप्टन म्हणाले, हेल्मेटमध्ये मोडेल हो. तात्या म्हणाले, मोडू द्या, पण घालून जावा. रानात दव होतं. औषधाचा उग्र वास आणि रात्रीच्या धुपाचा उरलेला वास एकमेकांत मिसळले होते. विमानाच्या पंख्याला हार होता, तो मी काढला. घोरपडेसाहेब जीपमध्ये बसून घड्याळ बघत होते. भटजी येणार नऊला, म्हणजे हत्यारं घोंगड्यावरच राहणार होती.

तात्यांनी वही उघडली. पेनाचं टोपण काढलं आणि भिंतीकडं पाहिलं. तिथं सगळंच लाल. भरलेल्या फळीत एक रिकामी जागा ओरडून सांगते. सगळी फळी रिकामी असली की ती काहीच सांगत नाही. मग ते माझ्याकडं वळून म्हणाले,

"संपत, काल मोजलीस न्हवं समदी?"

"व्हय तात्या."

"समदी हायत?"

"व्हय."

त्यांनी सही केली.

या 'व्हय'वर मी किती वर्षं घालवली त्याचा हिशेब नाही. भीती होती का? होती. पण भीतीपेक्षा जास्त दुसरंच काही होतं. ज्या माणसानं मला नाव दिलं, त्याच्यापुढं मी सकाळी सहाला, जीप चालू असताना, एवढं सगळं थांबवू शकेन इतका मोठा मी स्वतःला वाटतच नव्हतो. उपकाराखाली वाकलेला माणूस मान फक्त एकाच दिशेनं हलवतो. नाही म्हणायला थोडं ताठ उभं राहावं लागतं.

तीन पट्टे नीट गेले. मी शेडच्या दारातून पाहत होतो. चौथ्या पट्ट्याला विमान खाली आलं, उसावरून पांढरी रेघ ओढत गेलं, आणि बांधापाशी नाक वर व्हायला हवं होतं तिथं झालं नाही. जरासं उचललं, मग जणू कुणी धरून ठेवलं. कडुलिंबाच्या शेंड्यात एक पंख गेला. आवाज उशिरा आला. त्याआधी बगळे उडाले.

आम्ही उसातून धावलो. पानं तोंडावर ओरखडे काढत होती. कॅप्टन जिवंत होते, बोलत नव्हते. जीपमधून त्यांना मिरजेला नेलं. तिसऱ्या दिवशी ते गेले. त्या तीन दिवसांत गावागावांत लोक एकमेकांना आपट्याचं सोनं देत फिरत होते आणि बॉयलर ठरल्या वेळी पेटला होता.

चौकशीला बाहेरून एक साहेब आले. मऊ बोलायचे. मोडलेल्या शेपटीत त्यांना पान्हा सापडला, आमचा सगळ्यात धाकटा, बोटाएवढा. आतल्या कडेवर ठेवलेला होता, घसरून कप्पीत तारेखाली गेला होता. त्यांनी घोंगड्यावरची हत्यारं आमच्यासमोर मोजली. सुकलेली फुलं एकेक करून बाजूला ठेवत होते. चाळीस. मग विचारलं, हत्यारांचा हिशेब कोण ठेवतो? मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो, असं मी अजून म्हणतो. पण तात्याच बोलले. म्हणाले, हत्यारं माझी हायत. मीच आत इसरलो, मीच मोजली न्हाईत. ह्यो पोरगा नुसता पुसून ठेवतो.

चोविशीचा होतो मी. पोरगा नव्हतो.

तात्यांचा सहीचा अधिकार गेला. वाईहून कॅप्टनच्या पत्नी त्यांचं सामान न्यायला आल्या, तेव्हा हेल्मेट मीच पुसून त्यांच्या हातात दिलं. त्या म्हणाल्या, तुम्हीच संपतराव ना, ते सांगायचे, संपतराव असले की मला मागं बघावं लागत नाही. मी नमस्कार केला. एखादा माणूस जमिनीत जात असेल तर त्याला तसंच वाटत असेल. हेल्मेटच्या आत तुऱ्याचा एक पिवळा तुकडा चिकटला होता, तो मी पुसला नव्हता.

वर्षाच्या आत तात्यांनी आपल्या सैन्यातल्या एका दोस्ताला पत्र लिहून मला इकडं लावून दिलं. पत्रात लिहिलं होतं, मुलगा विश्वासू आहे, हत्यारं सांभाळतो. त्या एका ओळीवर मी आजवर जेवतोय. माझ्या बहिणीचं लग्न त्या ओळीवर झालं, गावचं घर त्या ओळीवर उभं आहे. त्यांच्याबद्दल कृतज्ञता वाटते का, असं कुणी विचारलं तर मी काय सांगू? श्वास घेतो तेवढी वाटते. आणि श्वासासारखीच ती कधी सुटीही देत नाही.

तात्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण त्याआधी एकदा भेटलो होतो, शतक सरता सरता, पहिल्या रजेवर. सांगलीला उतरून आधी घरी न जाता कोरेगावची गाडी धरली. वाटेत पलूसच्या बाजूला उसाला पुन्हा तुरे आले होते. तीन वर्षं एकच वाक्य मनात घोळवत होतो आणि ते मला बोलून टाकायचं होतं. बोललो की काहीतरी सुटेल अशी आशा होती. शिव्या मिळतील, एखादी थप्पड, किंवा माफी. काहीही चाललं असतं.

तात्या ओसरीवर बसून शेतकऱ्यांचे फवारणीचे पंप दुरुस्त करत होते. विमानाला हात लावणारे ते हात, प्लॅस्टिकच्या नळ्यांना वायसर बसवत होते. शेजारी चारच हत्यारं होती. मी पाया पडलो, काकींनी पाणी दिलं, घरच्यांची विचारपूस झाली. काकी आत गेल्यावर मी म्हणालो, तात्या, त्या दिवशी मी खोटं बोललो. मी मोजली होती. चाळीसच भरली होती.

त्यांनी वर पाहिलं नाही.

"ठावं हाय," ते म्हणाले. "मी बी मोजली हुती. पूजेत, हात जोडल्याले असताना. चाळीसच हुती."

पंपातून पाणी थेंबथेंब गळत होतं. मला ते मोजताही येईना. मग तुम्ही मला विचारलं कशाला, असं मी विचारलं.

"तू न्हाई म्हणशील म्हणून," ते म्हणाले. "जीप उभी, कॅप्टन उभा, समदं गाव उभं. माझ्या एकट्याच्यानं थांबवंना झालतं. वाटलं, तू तरी न्हाई म्हणशील. मग मला थांबाया आलं असतं."

मोजण्यात चूक कुणाचीच नव्हती. माझं गणित बरोबर आलं होतं, त्यांचंही. दोघंही एकाच आकड्यावर उभे होतो, हातभर अंतरावर, आणि प्रत्येकजण दुसऱ्यानं पुढं व्हायची वाट पाहत होता. इतकी वर्षं मला वाटायचं की माझ्या तोंडून एक खरा शब्द निघाला असता तर तो माणूस वाचला असता. त्या दिवसापासून हेही कळलं की तो शब्द दोघांजवळ होता, आणि तरी निघाला नाही. पुन्हा तशी सकाळ आली, तशीच जीप उभी राहिली, तर तो निघेल असं मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

चहा घेऊन उठलो. तात्या ओसरीवरूनच पाहत होते. काकी दारापर्यंत आल्या, हातावर दही दिलं आणि म्हणाल्या, आता परत कवा येशील रं, दिवाळीला येशील का?

मी काही बोलायच्या आत मागून तात्यांचा आवाज आला.

"त्येला नगं इचारू. त्यो व्हय म्हनंल."